आजार सामना संपायची वाट पाहत नाही

सेनगाव तालुक्यात फुटबॉलपेक्षा कबड्डी आणि क्रिकेटचेच वेड जास्त. तरीही सय्यद अब्दुल रहीम हे नाव या भागाला परके वाटायला नको. १९५६ पर्यंत सेनगाव-हिंगोलीचा हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि रहीम त्याच राज्याच्या राजधानीतले शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठात शिकले, काचीगुड्याच्या शाळेत शिकवले. (मराठवाड्यातल्या माणसाला काचीगुडा म्हटले की आधी रेल्वे आठवते, तेच हे काचीगुडा.) १९५० मध्ये त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ हाती घेतला. त्या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून दिले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघाला चौथ्या स्थानापर्यंत नेले. खेळाडू त्यांना ‘रहीम साहेब’ म्हणत.

२०२४ मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, अजय देवगणने त्यात रहीम साहेबांची भूमिका केली आणि विस्मरणात गेलेले हे नाव पुन्हा घराघरांत पोहोचले. प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो खोकणारा, थकलेला, तरीही संघ न सोडणारा प्रशिक्षक. चित्रपट म्हणजे केसपेपर नव्हे, त्यातला प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा घडला असे धरून चालू नये. पण दोन तारखा पक्क्या आहेत. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्ण जिंकले. ११ जून १९६३ रोजी रहीम साहेब फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. वय ५३.

मधले अंतर सव्वानऊ महिन्यांचे. डॉक्टरच्या दृष्टीने सगळी गोष्ट या अंतरातच आहे.

कर्करोग एका रात्रीत होत नाही. एका बिघडलेल्या पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशा सुमारे ३० दुपटी झाल्या की गाठ एक सेंटिमीटरची होते, म्हणजे साधारण हरभऱ्याएवढी, आणि तेव्हा तिच्यात सुमारे एक अब्ज पेशी असतात. फुप्फुसाच्या बहुतेक गाठींना एकेका दुपटीसाठी काही महिने लागतात, झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात काही आठवडे. जून १९६३ मध्ये ज्या कर्करोगाने जीव घेतला, तो सप्टेंबर १९६२ मध्ये छातीत होताच, हे जवळजवळ निश्चित म्हणता येते. जकार्ताच्या मैदानाच्या कडेला बसलेला माणूस तो सोबत घेऊनच बसला होता.

आणि संघाची अवस्था काय होती? पहिलाच सामना भारत कोरियाकडून ०-२ असा हरला होता. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंग यांचे डोके फुटले, टाके घालावे लागले. गोलरक्षक थंगराज तापाने आडवे. त्यातच इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने येऊ दिले नाही म्हणून भारताच्या जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला होता आणि त्यावरून जकार्तातले लोक भारतीय पथकावर खवळले होते. अशा वेळी प्रशिक्षक ‘मला बरे वाटत नाही, मी घरी जातो’ म्हणेल? रहीम साहेबांनी टाके घातलेल्या जर्नेलसिंगना बचावफळीतून काढून आक्रमणात खेळवले आणि त्यांनी उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केला. (डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला आज कोणताही संघडॉक्टर इतक्या लवकर मैदानात उतरू देणार नाही. मेंदूला बसलेला हादरा टाक्यांवरून मोजता येत नाही.) ज्या संघात मुख्य खेळाडूच डोक्याला टाके घालून खेळतो, तिथे प्रशिक्षकाच्या खोकल्याकडे कोण बघणार, आणि तो स्वतः तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

फुप्फुसाचा आजार या सबबींना फार मदत करतो. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात, त्यामुळे गाठ बाहेरच्या आवरणाला किंवा बरगडीला भिडेपर्यंत दुखत नाही. खोकला येतो, तर मैदानावर धूळ असतेच. वजन उतरते, तर मुलांबरोबर धावणे होतेच. थकवा येतो, तर प्रवास आणि जागरणे कुणाला चुकली आहेत? सगळ्यात फसवा म्हणजे आवाज. छातीत डाव्या बाजूला महाधमनीला वळसा घालून एक नस वर स्वरयंत्राकडे जाते. वाढलेल्या गाठीने ती दाबली की आवाज घोगरा होतो. दिवसभर ओरडणाऱ्या माणसाचा आवाज बसला तर कुणाला संशय यावा? प्रशिक्षकच कशाला, शाळेतले शिक्षक, कीर्तनकार, आडतीवर बोली पुकारणारे, सगळ्यांचे हेच. म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ओरडण्याने बसलेला आवाज विश्रांती दिली की काही दिवसांत सुटतो. तीन आठवडे झाले तरी सुटला नाही आणि माणूस विडी-सिगारेट ओढणारा असेल, तर घसा आणि छाती दोन्ही तपासायलाच हवे.

रहीम साहेबांना सिगारेटची सवय होती. त्यांच्या पिढीत ती वाईट मानली जात नसे, डॉक्टरही रुग्णासमोर ओढत. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते १९५० मध्ये इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांतल्या अभ्यासांतून पुढे आले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा सिगारेटविरोधातला गाजलेला अहवाल मार्च १९६२ चा, म्हणजे जकार्ताच्या सहा महिने आधीचा. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल जानेवारी १९६४ मध्ये आला, तेव्हा रहीम साहेबांना जाऊन सात महिने झाले होते. कळूनही न वळणारे डॉक्टरही होते. अमेरिकेतले शल्यचिकित्सक इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी १९३३ मध्ये कर्करोगासाठी एका रुग्णाचे अख्खे फुप्फुस काढले आणि त्याला वाचवले. १९५० च्या अभ्यासातही त्यांचा हात होता. पण ते स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत आले होते आणि १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. त्यांचा तो रुग्ण मात्र १९६३ पर्यंत जगला.

त्या काळात वेळीच निदान झाले असते तरी रहीम साहेब वाचले असते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. शस्त्रक्रिया होती, पण गाठ लहान असताना सापडायला हवी. सीटी स्कॅन नव्हता, आजची औषधे नव्हती. त्यामुळे ‘त्यांनी संघ सोडायला हवा होता’ असे साठ वर्षांनंतर म्हणणे सोपे आणि अन्यायाचे आहे.

पण आजही जुना, मानाचा प्रशिक्षक त्याच फासात अडकतो. निवृत्त व्हावे की संघासोबत राहावे, हा प्रश्न त्याला इतका मोठा वाटतो की त्याच्या भीतीने तो तपासणीच टाळतो. डॉक्टरकडे गेलो तर तो ‘आता बस’ म्हणेल, मग मुलांचे काय? येत्या स्पर्धेपुरते राहू द्या. स्पर्धा मात्र संपत नाहीत, एकीतून दुसरी निघते. खरे तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तपासणीचा आधी येतो. निदान झाले म्हणजे मैदान सुटलेच असेही नाही. लिव्हरपूलचे प्रशिक्षक जेरार हुलिए यांची महाधमनी १३ ऑक्टोबर २००१ रोजी सामना चालू असताना फाटली. अकरा तासांची शस्त्रक्रिया झाली आणि पाच महिन्यांनी ते परत बाकावर बसले. नेदरलँड्सचे लुई फान गाल यांनी प्रोस्टेट कर्करोगासाठी २५ वेळा रेडिएशन घेतले आणि २०२२ च्या विश्वचषकात संघ नेला. खेळाडूंना मात्र त्यांनी कळू दिले नव्हते, उपचारासाठी रात्री गुपचूप शिबिरातून बाहेर जात. निष्ठेची ही रीत कौतुकाची वाटते, पण अनुकरणाची नाही. गुपचूप उपचार घ्यायला हाताशी मोठे रुग्णालय आणि गाडी लागते. सेनगावहून रेडिएशनला जाणारा माणूस आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतो, ते लपवता येत नाही आणि लपवूही नये.

स्कॉटलंडचे प्रशिक्षक जॉक स्टाइन यांचे नशीब वेगळे निघाले. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्धचा सामना संपता संपता ते मैदानाच्या कडेलाच कोसळले आणि तिथेच गेले. वय ६२. प्रशिक्षक धावत नाही, पण त्याचे हृदय धावत असते. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात झालेल्या अभ्यासात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण एरवीच्या २.६६ पट आढळले, आणि ते नुसते बघणारे होते. आधीच हृदयविकार असलेल्यांना धोका सर्वाधिक होता. प्रशिक्षकाला तर बघता बघता निर्णयही घ्यायचे असतात.

‘निवृत्त झाला की माणूस खचतो’ असे गावोगाव म्हटले जाते आणि ते ऐकून अनेक जण थांबायला घाबरतात. अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात ५५ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांत ६५ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले हे खरे. पण लवकर निवृत्ती घेणाऱ्यांत आधीच आजारी असलेले बरेच असतात. आजारामुळे निवृत्ती आली, निवृत्तीमुळे आजार नव्हे. धडधाकट असताना थांबणाऱ्यांचे उदाहरण हवे असेल तर युर्गेन क्लॉप. आपली शक्ती कमी पडत चालली आहे असे सांगून त्यांनी ५६ व्या वर्षी लिव्हरपूल सोडले, आणि ते आधी, जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले. क्लबला पुढचा माणूस शोधायला वेळ मिळाला. रहीम साहेबांच्या मागे तसे काही नव्हते. १९६४ च्या आशिया चषकात भारत दुसरा आला, १९७० मध्ये आशियाई स्पर्धेत कांस्य मिळाले, आणि त्यानंतर त्या स्पर्धेत फुटबॉलचे पदक आजतागायत नाही. एका माणसावर सगळा भार ठेवणाऱ्या संघाने त्या माणसाच्या तब्येतीची चौकशी तरी करावी.

आता इथल्या लोकांसाठी कामाचे. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी मोफत होते. फुप्फुसाचा कर्करोग त्यात नाही. अमेरिकेत ५३ हजारांवर जुन्या धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात कमी किरणांच्या सीटी स्कॅनने या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, पण आपल्याकडे जुन्या क्षयरोगाचे व्रण इतक्या छात्यांत असतात की सरसकट स्कॅनने गोंधळच वाढेल. म्हणून लक्षणांवर नजर ठेवणे भाग आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी करावी, कारण आपल्याकडे क्षयरोगच जास्त सापडतो. घोटाळा होतो तो पुढे. थुंकीत जंतू नाहीत, एक्स-रेत डाग आहे, म्हणून अंदाजाने क्षयाची गोळी सुरू होते आणि तीन-चार महिने निघून जातात. क्षयाच्या औषधाने दोन महिन्यांत फरक दिसला नाही, वजन घटतच राहिले किंवा थुंकीतून रक्त आले, तर स्वतःहून डॉक्टरांना विचारावे: ‘हा दुसरा काही आजार तर नाही ना?’ त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. पुढचे उपचार छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात होतात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा समावेश आहे.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज खोटा आहे. सोडल्यावर दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्याच्या आसपास येतो, शून्यावर मात्र येत नाही. बार्सिलोनाचे प्रशिक्षक योहान क्रॉयफ यांनी १९९१ च्या बायपासनंतर सिगारेट टाकली, सामन्याच्या वेळी तोंडात काडीची गोळी धरू लागले, पुढच्याच वर्षी युरोपियन चषक जिंकला. २०१६ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले, पण मधली पंचवीस वर्षे त्यांना मिळाली. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो.

आणि छातीचा जुना एक्स-रे रद्दीत घालू नका. नव्यातला डाग पाच वर्षांपूर्वीही तेवढाच होता की आता उगवला आहे, हे त्या दोन फिल्म शेजारी धरल्या की बहुतेक वेळा दोन मिनिटांत कळते.