पुठ्ठ्याची मागची बाजू

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, ग्रामोफोनचे कर्णे आणि जहाजावरचे दिवे यांच्या आड बुटाच्या खोक्यात जुने फोटो उभे लावून ठेवलेले दिसतात. शुक्रवारी भल्या पहाटे जुम्मा बाजार भरतो, तेव्हा ते रस्त्यावर अंथरलेल्या चादरीवर येतात. कुणाची मुंज, कुणाचं लग्न, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली नऊवारीतली बाई.

हा माल घराघरांतून येतो. वाडा पाडला जातो, चाळीच्या जागी टॉवर उभा राहतो आणि नव्या घरात जुन्या ट्रंकेची अडचण होते. रद्दीवाला सगळं वजनावर नेतो. फ्रेमचं लाकूड एकीकडे जातं, काच दुसरीकडे, आणि फोटो दोन-तीन हात बदलून ठेल्यावर पोचतात.

तिथे उभं राहून फोटो कसा ओळखावा? आधी भिंग धरावं. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापखान्यातून आलेलं चित्र. ठिपके नसतील, कागद अगदी पातळ असेल, तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल आणि चेहऱ्यांचा उजळ भाग पिवळसर पडला असेल, तर बहुधा तो एकोणिसाव्या शतकातला अल्ब्युमेन प्रिंट. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर चांदीचे क्षार चढवून, वर काचेची निगेटिव्ह ठेवून तो उन्हात छापत. नंतरच्या जिलेटिनच्या कृष्णधवल फोटोत, तिरपा धरला की, काळ्या भागावर निळसर चकाकी दिसते. ती वर आलेली चांदी. दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने 1854 साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेले, साधारण अडीच बाय चार इंचांचे छोटे कार्ड-फोटोही इथे हाती लागतात.

त्याच 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी एक. पुढे 1896 मध्ये राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. असं नामांकित नाव पुठ्ठ्यावर असलं की भाव एकदम चढतो. सॅम्युअल बोर्न तर निगेटिव्हवरच क्रमांक आणि सही कोरत असे, त्यामुळे त्याचं काम ओळखायला सोपं. बिननावाच्या फोटोचं तसं होत नाही. म्हणून जाणता विक्रेता फोटो हातात आला की आधी उलटा करतो. मागे स्टुडिओचा पत्ता असतो, निगेटिव्हचा क्रमांक असतो, कधी कुणी मोडीत नाव लिहिलेलं असतं.

या धंद्यातली एक गोष्ट मला मनापासून खटकते. अख्खा अल्बम घेणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं, सुटे फोटो मात्र चटकन खपतात. म्हणून अल्बम फोडले जातात. पोटासाठी बसलेल्या माणसाचा हिशेब मला कळतो. पण नुकसान मोठं आहे. अल्बमात शेजारच्या पानावर तीच बाई दहा वर्षांनी मोठी झालेली असते, बाजूला तिची मुलं असतात, खाली गावाचं नाव असतं. पानं सुटली की ती ‘जुनी मराठी बाई’ एवढीच उरते आणि एखाद्या हॉटेलाच्या भिंतीवर सजावट म्हणून लागते. ते घर, ते गाव, तो स्टुडिओ पुन्हा जोडता येत नाही. संग्राहकांनी थोडे जास्त पैसे मोजून अल्बम अख्खा घ्यावा, निदान फोडण्याआधी पानोपान फोटो काढून ठेवावेत. गठ्ठा कुठल्या भागातून आला हेही विक्रेत्याला लगेच विचारावं. महिन्याभराने त्यालाही आठवत नाही.

ज्यांच्या घरी अजून ट्रंक आहे, त्यांनी फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव आणि अंदाजे साल लिहावं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मुंबईच्या दमट हवेत जिलेटिन फुगून फ्रेमच्या काचेला चिकटतं. असा फोटो ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. त्या फोटोंसाठी कागदी पाकीट करून त्यावर आधी मजकूर लिहावा, मग फोटो आत सरकवावा.