देवगिरीचे पाणी

देवगिरी अर्थात दौलताबादच्या किल्ल्यात तासलेला कडा, खोल खंदक आणि अंधारी वाट आहे. ही सारी व्यवस्था शत्रूला रोखण्यासाठी होती. १९३४ साली वेरूळची लेणी पाहण्यास निघालेले बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह येथे आले. त्यांना मात्र पाण्यावरून अडविण्यात आले. प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर त्यांनी प्रवासाची धूळ धुतली, म्हणून हौद बाटविल्याचा आरोप झाला. आत कोठेही पाण्यास स्पर्श करावयाचा नाही, या अटीवर प्रवेश मिळाला. सोबत सशस्त्र शिपाई देण्यात आला. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे लोटली होती. म्हणून सहलीत आम्ही प्रथम प्रवेशद्वारापाशी थांबतो. विद्यार्थी पाणी पितात, हा प्रसंग ऐकतात आणि मगच गड चढतात.