पेलाभर आहार : सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांसाठी

काही वर्षांपूर्वी भैरवगढहून एक आजी आपल्या नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. कालभैरवाच्या रस्त्यावर त्यांच्या कुटुंबाचे छोटेसे दुकान. मुलगी अडीच वर्षांची, वजन जेमतेम पावणेनऊ किलो. भूक मात्र विलक्षण. घरातील मोठ्या माणसाइतके जेवते, पण अंगी काही लागत नाही, ही आजींची तक्रार. दिवसातून पाच-सहा वेळा शौच, तेही भरपूर, तेलकट आणि अतिशय दुर्गंधीयुक्त. खोकला असा की पूर्ण गेला म्हणावे असा आठवडा आठवत नाही. क्षयावरील औषधांचा एक पूर्ण कोर्स अगोदरच होऊन गेलेला.

मी काय केले, ते या स्मरणिकेच्या डॉक्टर वाचकांसमोर मोकळेपणाने सांगतो. 'स्निग्ध पदार्थ पचत नाहीत' एवढे निदान करून मी तूप आणि साय बंद करावयास सांगितले, म्हशीचे दूध सोडवले आणि मुगाचे पातळ वरण, भाताची पेज व ताक सुरू केले. शौचाचे प्रमाण थोडे कमी झाल्यामुळे मला समाधानही वाटले. तीन महिन्यांत मुलीचे वजन अडीचशे ग्रॅमने घटले.

पुढे मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर असताना, मुलगी निपचित पडली म्हणून तिला आणले. जुलाब वाढलेले नव्हते, उलट्या एक-दोनच. पण रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड सर्वच खाली गेलेले. सलाईन चालू असताना आजी हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक विचारू का? हिचा मुका घेतला की ओठ खारट होतात. उन्हात खेळून आली की कपाळावर मिठासारखे पांढरे दिसते." एम.डी.च्या अभ्यासात वाचलेले ते लक्षण माझ्यासमोर आजींनी ठेवले होते. घामाची तपासणी दिल्लीला करवून घेतली. लिटरमागे ६० मिलिमोल वा त्याहून अधिक क्लोराइड आढळल्यास निदानास पुष्टी मिळते. हिच्या घामात ते शंभरीला टेकलेले होते.

हा आजार 'गोऱ्यांचा' अशी आपल्या पिढीच्या डॉक्टरांची समजूत होती. दिल्लीच्या एम्समधील डॉ. एस. के. काबरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेली अनेक वर्षे केलेल्या कामामुळे ती खोटी ठरली आहे. घाम गोळा करून क्लोराइड मोजण्याची कमी खर्चाची देशी पद्धतही त्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे मूल क्षयाचे, दम्याचे किंवा 'जुनाट जुलाबांचे' म्हणून फिरत राहते आणि निदानाला उशीर होतो. उन्हाळ्याचा संबंध तर फार जुना आहे. १९४८ मध्ये न्यूयॉर्क शहरात उष्णतेची लाट आली, तेव्हा उष्म्याने कोसळून रुग्णालयात आलेल्या मुलांत या आजाराची मुले लक्षणीय संख्येने होती. त्या निरीक्षणाचा धागा धरून पॉल डी सांताग्नेस यांनी १९५३ मध्ये घामातील मिठाचा दोष दाखवून दिला. माळव्यातल्या डॉक्टरला हा इतिहास परका वाटू नये.

मूळ बिघाड सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. पेशींच्या आवरणातून क्लोराइडची ये-जा घडवून आणणारे प्रथिन सदोष निपजते आणि त्यामुळे शरीरातील स्राव घट्ट होतात. फुप्फुसांत चिकट कफ साचून जंतुसंसर्ग होतो. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात, पाचक रस आतड्यापर्यंत पोहोचत नाही आणि खाल्लेले तूप-तेल शौचावाटे निघून जाते. शिवाय श्वासाचे श्रम आणि वारंवार होणारा संसर्ग यांत ऊर्जा खर्ची पडते, ती वेगळीच. म्हणून अशा मुलाला समवयस्क निरोगी मुलाच्या सव्वा ते दीडपट, क्वचित दुप्पटही उष्मांक लागतात. एवढे अन्न ताटातून पोटात जाणे कठीण असते, आणि येथेच पेल्याचा प्रश्न उभा राहतो.

माझ्याकडून घडलेली चूक जगाने पूर्वीच करून पाहिली होती. स्निग्धांश पचत नाही तर तो कमी करावा, असा उपदेश पाश्चात्य देशांतही वर्षानुवर्षे चालत होता. टोरोंटोच्या बालरुग्णालयातील डग्लस क्रोझिअर यांनी १९७० च्या दशकात उलट मार्ग धरला : लोणी, साय, पूर्ण दूध मुबलक द्यावे आणि त्याबरोबर पाचक विकरे पुरेशी द्यावीत. १९८८ मध्ये टोरोंटो आणि बोस्टन येथील रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. फुप्फुसांची कार्यक्षमता दोन्हीकडे जवळपास सारखी. पण टोरोंटोची मुले उंचीने व वजनाने सरस, आणि तेथील मध्य आयुर्मान ३० वर्षे, तर बोस्टनचे २१. मोठा फरक आहाराचा होता. त्यानंतर स्निग्धांश कमी करण्याचा सल्ला मागे पडला. आज एकूण उष्मांकांपैकी ३५ ते ४० टक्के स्निग्धांशातून यावेत असे मानले जाते.

आता प्रत्यक्ष पेयांकडे वळू. भैरवगढच्या त्या घरात मुलीला 'ताकदीसाठी' दिवसभर काय पाजले जात होते, याची यादी मी मागवली : ताक, शहाळ्याचे पाणी, लिंबाचे सरबत, चहा-बिस्किट आणि दुधात घातलेली डब्यातील चॉकलेटी पावडर. शंभर मिलिलिटर ताकात सुमारे १५ किलोकॅलरी असतात, शहाळ्यात २० ते २५. गाईच्या दुधात सुमारे ७०, म्हशीच्या दुधात ११० च्या आसपास. म्हणजे मुलीचे इवलेसे पोट आम्ही पाण्याने भरत होतो! डब्यातील पावडरीत माल्ट आणि साखर यांचाच भरणा अधिक. चव येते आणि मूल दूध पिते, एवढाच तिचा उपयोग. 'हेल्थ ड्रिंक' या नावाची कायद्यात व्याख्याच नाही, म्हणून त्या सदराखालून अशी पेये हटवावीत, अशी सूचना केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दिली, हे अनेकांना ठाऊक नसेल.

आमच्या घरच्या मिक्सरवर, स्वयंपाकघरातील वजनकाटा घेऊन मी जे पेय जमवले, ते असे : म्हशीचे न पातळ केलेले दूध २०० मिलिलिटर, पूर्ण स्निग्धांशाची दूध पावडर २० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचे किंवा बदामाचे गंधासारखे बारीक वाटण १५ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम आणि एक चमचा तूप. दूध कोमट असताना फिरवले तर तूप वर तरंगत नाही. वेलची किंवा केशर आवडीप्रमाणे. सव्वादोनशे-अडीचशे मिलिलिटरच्या या पेल्यात सुमारे ५०० किलोकॅलरी भरतात. मिलिलिटरमागे दोन किलोकॅलरी, म्हणजे आयात केलेल्या महागड्या द्रव-आहाराच्या तोडीचे, आणि तेही किराणा दुकानातील जिनसांतून. लहान मुलांना दाणे अख्खे वा भरड देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. वाटण गुळगुळीतच हवे. शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी पाहावे.

रोज तेच पेय मूल पीत नाही, हे कोणत्याही आईला सांगावयास नको. येथे आपल्या दुहेरी संस्काराचा उपयोग होतो. श्रीखंड ताकात घुसळून केलेले आपले पीयूष हे उत्तम घट्ट पेय आहे, मात्र ताकाऐवजी सायीचे दही वापरावे. इंदूरच्या सराफ्यातील शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे, तर आटवलेल्या दुधाचे सुकामेवा घातलेले दाट पेय. पाहुण्यांची या नावावरून फसगत होते, आमच्या मुलांच्या मात्र ते कामाचे! ते घरी करावे. बाजारातील बर्फाचा भरवसा नाही. ठंडाईही चांगली, उज्जैनमध्ये राहून एवढेच जोडावेसे वाटते की, ती घरीच वाटलेली असावी. उन्हाळ्यात हापूस वा बदाम आंब्याचा रस, साय आणि दूध पावडर यांचे मिश्रण मुले आवडीने पितात.

परंतु केवळ पेला भरून भागत नाही, आणि माझ्या मते या लेखातील महत्त्वाचा मजकूर हाच आहे. वरील पेल्यात तीसेक ग्रॅम स्निग्धांश असतो. पाचक विकरांची कॅप्सूल दिली नाही, तर त्यातील मोठा भाग शौचावाटे जाणार आणि घरची माणसे म्हणणार, 'बघा, दूध सोसत नाही.' विकरांची मात्रा लायपेजच्या युनिटमध्ये मोजतात : एका जेवणाला किलोमागे ५०० ते २५००, आणि दिवसाकाठी किलोमागे १०,००० च्या वर जाऊ नये. फार मोठ्या मात्रेमुळे मोठ्या आतड्याला इजा झाल्याची उदाहरणे १९९४ मध्ये नोंदली गेली आहेत. साडेआठ किलोच्या आमच्या मुलीला एका वेळी २१,००० युनिटपर्यंतच मुभा होती. म्हणून आम्ही पेल्याचे दोन भाग केले. अर्ध्या पेल्यात पंधरा ग्रॅम स्निग्धांश, त्याला दहा हजार युनिटच्या दोन कॅप्सूल. अर्धा पेला दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, अर्धा निजताना. जेवणाआधी पेय दिल्यास भूक मरते.

कॅप्सूल उघडून त्यातील दाणे दुधात ढवळून देण्याची चूक सर्रास होते. दाण्यांवरील आवरण जठरातील आम्लापासून विकरांचे रक्षण करण्यासाठी असते. दुधात ते विरघळते, औषध वाया जाते आणि तोंडात व्रण होतात. दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात किंवा आंब्याच्या रसात घालून, चावू न देता, पेय सुरू करण्यापूर्वी द्यावेत व वर पाण्याचा घोट द्यावा. मूल अर्धा तास पेला घेऊन बसणार असेल तर निम्मी मात्रा आरंभी, निम्मी मध्यावर.

मिठाचे विस्मरण होऊ नये. आपल्या उन्हाळ्यात या मुलांना रोज वरून मीठ लागते. तान्ह्या बाळालाही चमच्याचा आठवा भाग, सहा महिन्यांनंतर पाव चमचा, दिवसभरात विभागून व डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मोठ्या मुलांसाठी सायीच्या दह्याची खारी लस्सी उत्तम. ताकाला मी जो दोष दिला तो उष्मांकांपुरता. मीठ पोहोचविण्याचे वाहन म्हणून ते चांगलेच आहे.

दूध, दही आणि केळे यांनी कफ वाढतो, ही आजींची ठाम समजूत होती. दुधाने घशात काही वेळ दाटपणा जाणवतो, पण फुप्फुसांतील कफ वाढल्याचे दिसून आलेले नाही. मी वाद घातला नाही. दोन महिने वजन आणि खोकला वहीत लिहा, एवढेच सांगितले.

पेयांकडून अवास्तव अपेक्षाही बाळगू नये. ब्रिटनमध्ये मध्यम कुपोषण असलेल्या १०२ मुलांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तयार पूरक पेये वर्षभर देऊनही वजनात विशेष फरक पडला नाही. मूल पेय पिते आणि जेवण तेवढेच कमी करते, हे त्याचे एक कारण असू शकते. म्हणून तूप घातलेली खिचडी, बाफला, पराठा हे आधी, पेला त्यानंतर. वजन वाढत नसेल तर विकरांची मात्रा, अ, ड, ई व के जीवनसत्त्वे, छातीतील संसर्ग आणि दहा वर्षांच्या पुढे रक्तशर्करा यांचा शोध घ्यावा. मधुमेह आढळला तरी उष्मांक कमी करावयाचे नसतात. इन्सुलिन द्यावयाचे असते. मूळ दोषावरच काम करणारी औषधे २०१२ पासून आली आहेत. परंतु त्यांची किंमत आपल्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यापलीकडची आहे, आणि ती ज्या जनुकदोषावर सर्वाधिक चालतात तो भारतीय मुलांत तुलनेने कमी आढळतो. गंमत अशी की, त्या गोळ्याही स्निग्ध आहाराबरोबरच घ्याव्या लागतात.

विकरे, मीठ आणि पेला सुरू केल्यानंतर सहा महिन्यांत आमच्या मुलीचे वजन दहा किलो चारशे ग्रॅम झाले. आज ती शाळेत जाते. खोकला आहे, वर्षातून एक-दोनदा प्रतिजैविकांसाठी दाखल व्हावे लागते. कॅप्सूलची डबी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असते आणि डबा उघडण्यापूर्वी ती न सांगता कॅप्सूल घेते. आजींची वही अजून चालू आहे. गेल्या भेटीत तिच्यात एक नवी नोंद होती : शेंगदाण्याऐवजी तीळ वाटून पाहिले, नातीला आवडले नाही.