दुखणे एक, बोली दोन

कृष्णा-पंचगंगेच्या काठी वसलेला शिरोळ तालुका मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचा. येथील कित्येक जैन घरांत चुलीपाशी कन्नड आणि बाजारात, शाळेत मराठी चालते. जयसिंगपूर किंवा मिरजेच्या रुग्णालयात आजी आपले दुखणे कन्नडमध्ये सांगते आणि नातू ते डॉक्टरांना मराठीत सांगतो. त्या वेळी तो नातू दुभाषाच असतो, आणि त्याच्या एका शब्दावर पुढचे उपचार अवलंबून असतात.

‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे अर्धांगवायू झाला. ‘अंगावरून जाते’ हे शब्द स्त्रीने उच्चारले, तर मात्र अर्थ पांढरे वा लाल जाण्याचा. एक शब्द गळाला, की आजारच बदलतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अर्थ उमगण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या वाट्याचा असतो.

‘बाहेर’ हा शब्दही असाच. ‘बाहेरची’ म्हणजे पाळी आलेली; कन्नडमधील ‘होरगे’ही त्याच अर्थाने येतो. ‘बाहेर जाऊन आलो’ म्हणजे शौचास, आणि ‘बाहेरचे झाले’ म्हणजे भूतबाधेचा संशय. ‘पित्त’ म्हणताना कोणी घशाशी येणारे आंबट पाणी सांगतो, कोणी अंगावर उठलेल्या गांधी. छातीतील जळजळ ‘पित्त’ म्हणून सांगितली गेली, तर हृदयविकारही झाकला जाऊ शकतो.

‘उपवास’ ऐकल्यावर अनेक डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी येते. पर्युषणातील आपल्या उपवासात अन्न वर्ज्य असते, कित्येकदा पाणीही. मधुमेहाचे इंजेक्शन घेणाऱ्याच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणून ‘अन्न नाही, पाणी नाही, अमुक वेळेपासून’ असे स्पष्ट सांगावे.

१९८० मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या तरुणाच्या स्पॅनिशभाषक नातलगांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काही बाधले, एवढेच त्यांना म्हणायचे होते. डॉक्टरांनी मात्र अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

दुभाषाचे काम अवघड असले, तरी त्याची शिस्त सोपी आहे. रुग्णाचा शब्द आधी जसाच्या तसा सांगावा. आपला तर्क त्यात मिसळू नये. मग ‘म्हणजे नेमके काय होते, कोठे, केव्हापासून?’ असे रुग्णालाच विचारावे. स्त्रियांच्या तक्रारी सांगण्यासाठी मुलाऐवजी जाणती स्त्री सोबत असावी. आजी नातवासमोर पुष्कळ गोष्टी गिळून टाकते. डॉक्टरांनी सांगितलेली औषधाची मात्रा रुग्णाकडून पुन्हा वदवून घ्यावी. घरातील दोन्ही भाषा जाणणाऱ्याने एवढे केले, तरी ती मोठी रुग्णसेवा ठरेल.