हरलेला डाव

पालघर जिल्ह्यात बोईसर-तारापूरच्या बाजूस पाम नावाचे गाव आहे. तेथे आमच्या शेजारी राहणारा सातवीतला एक मुलगा गेल्या पावसाळ्यात रोज संध्याकाळी मोबाईलवर संगणकाशी बुद्धिबळ खेळत असे. वडील औद्योगिक वसाहतीत पाळीवर गेलेले, अंगणात पाणी साचलेले आणि घरात बरोबरीचे कोणी नाही. तेव्हा संगणक हाच त्याचा सवंगडी झाला. पण हा सवंगडी त्याला एकही डाव जिंकू देईना. एके दिवशी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “गुरुजी, मी बुद्धिबळ सोडले. सातव्या खेळीत मात होते. हे यंत्र फसवते!”

मी त्याला तो डाव कागदावर उतरवून आणावयास सांगितले आणि आम्ही ओटीवर लाकडी पट मांडून बसलो. मुलांनो, तुमच्याजवळ पट असेल तर तुम्हीही मोहरी मांडा. नुसते वाचून हा डाव नीट कळणार नाही.

पांढरी मोहरी मुलाची. प्रथम दोघांनीही राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. मुलाने राजाकडचा घोडा काढून काळ्या प्याद्यावर रोख धरला; संगणकाने वजिराकडचा घोडा काढून त्या प्याद्यास जोर दिला. तिसऱ्या खेळीस मुलाने राजाकडचा उंट आपल्या मधल्या प्याद्याशेजारी, एक घर सोडून, चौथ्या ओळीत आणला. येथवर दोघांचेही ठीक होते. मग संगणकाने तोच घोडा पुन्हा उचलून पांढऱ्याच्या अर्ध्या पटात, वजिरासमोरच्या पट्टीवर ठेवला. घोडा हलताच प्याद्याचा जोर गेला. मुलाने ते प्यादे घोड्याने मारले.

आता काळा वजीर बाहेर आला. त्याने एकाच वेळी दोन ठिकाणी रोख धरला: पुढे गेलेल्या घोड्यावर आणि त्या घोड्याच्या मूळ घरापुढील प्याद्यावर. मुलाने आणखी एक प्यादे मारून आपल्या घोड्याचा रोख वजीर व हत्ती या दोघांवर लावला. वजिराने ते कडेजवळचे प्यादे मारले आणि पांढऱ्या हत्तीवर रोख धरला. हत्ती राजाशेजारी सरकला. वजिराने मधले प्यादे मारून शह दिला. मुलाने उंट आड घातला, तोच काळ्या घोड्याने उडी घेऊन मात केली. उंटाने तो घोडा मारता येईना, कारण उंट हलला की राजा वजिराच्या शहात उघडा पडे. राजाला हलावयास घर नव्हते. भोवतालची पाचही घरे त्याच्याच सैन्याने अडवली होती.

“चूक कोठे झाली?” मी विचारले.

“सातव्या खेळीत. उंटाऐवजी वजीर आड घालायला हवा होता.”

तसे त्याने करून पाहिले होते. मोबाईलवर खेळी मागे घेण्याची सोय असते. परंतु वजीर आड घातल्यावर काळ्या घोड्याने वजीरच मारला. हरणारा मनुष्य बहुधा शेवटचीच खेळी मागे घेतो, कारण दुखते तेथेच जखम आहे असे त्याला वाटते. आम्ही एकेक पाऊल मागे गेलो. पाचव्या खेळीपाशी थांबलो. तेथे उंटाने प्यादे मारून शह दिला असता, तर पुढे एक मोहरे जाऊन दोन प्यादी मिळाली असती आणि काळ्या राजाला हलावे लागल्याने त्याचा किल्लेकोट कायमचा गेला असता. हे नुकसानीतले समाधान झाले. आणखी एक पाऊल मागे गेल्यावर चौथी खेळी आली. तेथे फुकट दिसणाऱ्या प्याद्याकडे न पाहता घोड्याने घोडा मारला असता, तर मग किल्लेकोट करून पांढऱ्याचा डाव चांगला राहिला असता. म्हणजे संगणकाची घोड्याची ती खेळी मुळात फारशी उत्तम नव्हती. “यंत्राने फसवले” हे म्हणणे तेथे गळून पडले.

संगणक पुढच्या खेळ्यांची गणिते करतो, एवढेच. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या यंत्राने जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह यास साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा ते एका सेकंदात सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे.

मात्र प्याद्याचा मोह यंत्रालाही झालेला आहे. इंग्लंडचे गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी बुद्धिबळ खेळण्याचे नियम यंत्रासाठी लिहिले होते. ते चालवील असा संगणक हाताशी नसल्यामुळे १९५२ मध्ये त्यांनी स्वतःच कागदावर आकडेमोड करून एक डाव खेळविला. त्यांच्या नियमांत प्याद्याची किंमत १, घोड्याची ३, उंटाची साडेतीन, हत्तीची ५ आणि वजिराची १० अशी धरली होती. समोर ॲलिक ग्लेनी हे हौशी खेळाडू होते. एकोणतिसाव्या खेळीस नियमांप्रमाणे वजिराने एक प्यादे मारले. त्याच पट्टीवर मागे पांढरा राजा उभा होता, मधली घरे रिकामी होती. ग्लेनी यांनी पुढे हत्ती आणून ठेवला. वजीर बाजूस व्हावा तर राजाला शह, हत्तीला मारावे तर दुसरा हत्ती टपलेला. डाव तेथेच संपला. ते नियम आपली खेळी आणि समोरच्याचे उत्तर एवढेच पाहत, त्यापुढे फार तर मारामारीच्या खेळ्या. हत्तीच्या त्या खेळीने काहीच मारले नव्हते. म्हणून घात दिसला नाही.

ही हकिगत ऐकून मुलगा प्रथमच हसला. “म्हणजे तेव्हा यंत्राने माझ्यासारखे केले!”

आजचे मोबाईल डाव संपल्यावर प्रत्येक खेळीपुढे आकडा दाखवितात. आकडा कोठे घसरला ते त्यावरून कळते. का घसरला हे पटावर मोहरी हलवूनच पाहावे लागते. मला तर तो आकडा आधी न पाहिलेलाच बरा वाटतो.

आठवड्याने तो मुलगा वहीचे भिजके पान घेऊन आला. या वेळी चौथ्या खेळीस त्याने घोड्याने घोडा मारला होता आणि डाव त्रेचाळीस खेळ्या चालला होता. डाव त्याने गमावलाच होता. पान माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “गुरुजी, मला एकतिसाव्या खेळीचा संशय आहे. पट काढा.”