व्हॅन डेव्हेंटर: एका आडनावाचा तीनशे वर्षांचा माग

दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ शहरात १९५० च्या सुमारास जेफ्री डीन या डॉक्टरांपुढे एक कोडे उभे राहिले. बार्बिट्युरेट गटातली झोपेची औषधे दिल्यावर काही रुग्ण अचानक बिघडत. पोटात असह्य कळा येत, लघवीचा रंग गडद लाल होई, हातापायांतली शक्ती जाई आणि काही जण दगावतही. या रुग्णांचे हात पाहिले की आणखी एक खूण सापडे. हाताच्या पाठीवरची कातडी इतकी नाजूक असे, की जरा घासले तरी सोलवटून निघे, उन्हाने फोड येत आणि मागे व्रण राहत. घरच्यांना त्याचे काही वाटत नसे. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले होते. एका घराण्यात तर या त्रासाला ‘व्हॅन रॉयेन कातडी’ असे आडनावासकट नाव पडले होते.

आजार घराण्याचा आहे हे लक्षात आल्यावर डीन यांनी वंशावळी जमवायला घेतल्या. शेतकऱ्यांच्या घरी जाऊन आजीआजोबांची नावे विचारली, जुन्या नोंदी तपासल्या. वेगवेगळ्या आडनावांची, एकमेकांना न ओळखणारी कुटुंबे मागे मागे जात एकाच जोडप्यापाशी येऊन मिळत होती. डीन यांच्या मांडणीनुसार ते जोडपे म्हणजे १६८८ मध्ये केप वसाहतीत विवाहबद्ध झालेले गेरिट यान्स व्हॅन डेव्हेंटर आणि आरियान्त्ये याकोब्स व्हॅन डेन बर्ग.

गाव सुटले की नाव लागते

गेरिटच्या नावात त्याचा सगळा पत्ता आहे. ‘यान्स’ म्हणजे यानचा मुलगा आणि ‘व्हॅन डेव्हेंटर’ म्हणजे डेव्हेंटर गावचा. नेदरलँड्सच्या पूर्व भागात, आयसेल नदीच्या काठी वसलेले डेव्हेंटर हे मध्ययुगात हॅन्सा व्यापारसंघातले नावाजलेले शहर. तिथून व्यापारी, कारागीर, विद्यार्थी चहूकडे जात. बाहेर गेलेल्यालाच गावाचे नाव लागे. आपल्याकडे साताऱ्याचा माणूस पुण्यात स्थिरावल्यावर सातारकर होतो, तसेच हे. खुद्द डेव्हेंटरमध्ये त्या नावाने कुणाची ओळख पटली नसती.

म्हणूनच सगळे व्हॅन डेव्हेंटर एका घराण्याचे नाहीत. सोळाव्या शतकात स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी शेकडो नगरांचे नकाशे काढणारा याकोब व्हॅन डेव्हेंटर प्रसिद्ध आहे. त्याचा जन्म मात्र कांपेनचा. डेव्हेंटरमध्ये वाढल्यामुळे त्याला हे नाव लागले. प्रसूतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेला हेंड्रिक व्हॅन डेव्हेंटर सतराव्या शतकातला. आडनाव तेच, पण तेवढ्यावरून रक्ताचे नाते मानता येत नाही.

नेदरलँड्समध्ये कायम आडनावाची सक्ती बरीच उशिरा आली. देश फ्रेंच अमलाखाली असताना नेपोलियनने १८ ऑगस्ट १८११ रोजी हुकूम काढला आणि प्रत्येकाला आडनाव नोंदवावे लागले. तोवर अनेक घरांत बापाच्या नावावरच भागत होते. परदेशी गेलेल्यांची आडनावे मात्र त्याआधीच स्थिरावली होती. १६५० च्या सुमारास द बिल्ट या गावाहून यान आर्टसन न्यू नेदरलँड वसाहतीत, म्हणजे आजच्या न्यू यॉर्क परिसरात गेला. त्याच्या वंशजांनी गावाचे नाव जोडून लिहिले आणि अमेरिकेतले धनाढ्य व्हँडरबिल्ट घराणे उभे राहिले.

केपची वाट

गेरिट १६८५ मध्ये केपला पोहोचला, तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीत. आपल्या वेंगुर्ल्याची डच वखार याच कंपनीची. आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजे पाणी, भाजी आणि मांस मिळावे म्हणून यान व्हॅन रीबेक याने १६५२ मध्ये केपला ठाणे उभारले. पुढे कंपनीने काही नोकरांना मोकळे करून जमिनी दिल्या आणि मुक्कामाच्या ठाण्याची वसाहत झाली.

तिथे पुरुषांच्या मानाने युरोपीय स्त्रिया फार थोड्या होत्या. म्हणून १६८८ मध्ये ‘चायना’ जहाजातून रॉटरडॅमच्या अनाथ मुली पाठवण्यात आल्या. आरियान्त्ये त्यांतली एक. आईबाप नसलेली ही मुलगी महिनोन्‌महिने समुद्रातून प्रवास करून परक्या किनाऱ्यावर उतरली आणि त्याच वर्षी गेरिटशी तिचे लग्न झाले. त्या काळी वसाहतीत युरोपीय माणसे जेमतेम हजाराच्या घरात होती. कुटुंबे मोठी, लग्ने आपापसांत. आज आफ्रिकानर समाज पंचवीस लाखांहून मोठा आहे. इतक्या थोड्या मूळ माणसांतून एवढा समाज वाढला, की त्यांच्यापैकी एखाद्याच्या जनुकातला दोषही हजारोंपर्यंत पोहोचतो. जनुकशास्त्रात याला ‘संस्थापक परिणाम’ म्हणतात.

या जोडप्यामार्फत आला तो आजार म्हणजे व्हेरिगेट पॉर्फिरिया. रक्ताला लाल रंग देणारे ‘हीम’ शरीरात आठ टप्प्यांनी बनते आणि प्रत्येक टप्प्याला एक विकर लागते. सातव्या विकराचे जनुक बिघडले की त्याचे काम निम्म्यावर येते आणि अर्धवट बनलेली पॉर्फिरिन द्रव्ये साचतात. त्यांच्यावर ऊन पडले की कातडी दुखावते. अतिनील दिव्याखाली ही द्रव्ये गुलाबी-लाल चमकतात. पालकांपैकी एकाकडून सदोष प्रत आली तरी दोष उतरतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. अडीच शतके हा दोष बहुतेकांना नाजूक कातडीपलीकडे फारसा जाणवला नाही. विसाव्या शतकात बार्बिट्युरेट औषधे आली आणि तोच दोष जीवघेणा ठरू लागला.

१९९६ मध्ये नेमका बिघाड सापडला. या विकराच्या साखळीत ५९ व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन आले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या बहुसंख्य रुग्ण-कुटुंबांत हाच एक बदल आढळला आणि सर्वांचा पूर्वज एकच असावा या डीन यांच्या निष्कर्षाला बळ मिळाले. हा बदल सुमारे २०,००० जणांत असावा असा अंदाज आहे.

आडनावात न मावणारे

आता या आजाराचा आणि आडनावाचा मेळ घालून पाहा. दोष आला व्हॅन डेव्हेंटरांच्या घरातून, पण ओळखला गेला व्हॅन रॉयेन या नावाने. याचा अर्थ उघड आहे. वाटेत कुठेतरी एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली. तिचे आडनाव बदलले, जनुक बदलले नाही. केवळ व्हॅन डेव्हेंटर आडनावाचा माग काढणाऱ्याला हे रुग्ण कधीच सापडले नसते.

केपच्या नोंदींत ‘व्हॅन’ आणखी एका प्रकारच्या माणसांना लागलेले दिसते. कंपनीच्या जहाजांतून आणलेल्या गुलामांना ‘व्हॅन बेंगाल’, ‘व्हॅन मलबार’ अशी नावे दिली जात. बंगालहून गुलाम म्हणून आलेली आन्सेला व्हॅन बेंगाल पुढे मुक्त झाली आणि १६६९ मध्ये आर्नोल्डस बासन याच्याशी तिचे लग्न झाले. मुलाबाळांना बासन हे आडनाव मिळाले. ‘व्हॅन बेंगाल’ तिच्याबरोबरच संपले. पण तिच्यासारख्यांचा वारसा संपला नाही. ७७ आफ्रिकानर व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात युरोपबाहेरचा वाटा सरासरी ४.७ टक्के निघाला आणि त्यात आफ्रिकेइतकीच ठळकपणे दक्षिण आशियाही होती.

बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आडनावाच्याच वाटेने चालते. बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातले मार्टेन लार्म्यूसो आणि सहकाऱ्यांनी बेल्जियम-नेदरलँड्समधील पुरुषांच्या ५१३ जोड्या तपासल्या. वंशावळीनुसार प्रत्येक जोडीचा पितृपूर्वज एकच होता. नोंदीतला बाप आणि जैविक बाप वेगळे असण्याचे प्रमाण दर पिढीला सरासरी एक-दीड टक्क्याच्या आसपास निघाले. एकोणिसाव्या शतकातल्या दाट वस्तीच्या शहरांतल्या गरीब थरात ते सहा टक्क्यांपर्यंत होते. आडनाव ही बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे, पण एकाच धाग्याची. दहा पिढ्या मागे गेलो तर वंशवृक्षात १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. आडनाव त्यांतल्या एकाचे सांगते.

त्यामुळे घराण्याचा इतिहास लिहायला बसाल तेव्हा आडनावापाशी थांबू नका. आईचे, आजीचे, पणजीचे माहेरचे आडनाव आणि गाव लिहून ठेवा. कोणाला कुठला आजार होता, कुठले औषध सोसले नाही, तेही लिहा आणि डॉक्टरांना सांगा. पोर्ट एलिझाबेथमधल्या रुग्णांचे कोडे सुटले, ते त्यांच्या घरांत आज्यांची नावे कुणाच्या तरी लक्षात होती म्हणून.