चारही दांड्या दिसतात, मग निरोप अडतो कुठे?

पनवेलहून उरणकडे निघाले की वाटेत जासई लागते. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी या भागातील शेतकरी रस्त्यावर उतरले, पाच जणांनी प्राण दिले, आणि जासईचे नाव महाराष्ट्रभर झाले. पुढे २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून येणारा अटल सेतूही याच परिसरात उतरला. आज या रस्त्यांवर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची रीघ असते आणि तिच्या आधाराने गॅरेजवाले, वेल्डर, टायरवाले, पाटे बसवणारे कारागीर आपला संसार चालवतात.

अशाच एका कारागिराकडे आम्ही एका संध्याकाळी बसलो होतो. ट्रेलरचा सांगाडा दुरुस्त करायचा होता. त्यासाठी लागणारे चॅनेल आणि पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पोत भरून तयार होता. पैसे जमा झाल्याशिवाय व्यापारी टेम्पो सोडणार नव्हता. आमच्या यजमानांनी बँकेत पैसे पाठवण्याचे सगळे सोपस्कार केले, आणि शेवटी अडले ते ओटीपीवर. सहा आकडे काही येईनात. पुन्हा मागवले, तिसऱ्यांदा मागवले. तासाभराने तिन्ही ओटीपी एकदमच आले, तेव्हा तिघांचीही मुदत संपली होती. टेम्पो दुसऱ्या दिवशी आला, ट्रेलर एक दिवस उभा राहिला आणि मालकाची बोलणी कारागिराला खावी लागली.

चाचांनी आम्हाला विचारले, "भाई, मोबाईलला चारही दांड्या दिसताहेत. मग अडलं कुठे?"

प्रश्न साधा, पण फार मोलाचा आहे. त्या संध्याकाळी नेमके काय बिघडले हे बाहेर बसलेल्याला सांगता येणार नाही. परंतु निरोप कोणत्या वाटेने येतो आणि ती वाट कशी बांधलेली असते, हे प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा समजून घेण्यासारखे आहे. कारण आज गल्ल्याची किल्ली त्या वाटेवर टांगलेली आहे.

दांड्या फक्त शेवटचा टप्पा दाखवतात

मोबाईलवरच्या दांड्या एवढेच सांगतात की तुमचा फोन आणि जवळचा मनोरा यांचे संधान ठीक आहे. त्यामागची वाट लांब आहे. टेलिफोनच्या कारभारात दोन रस्ते असतात. एक बोलण्याचा. दुसरा इशाऱ्यांचा, ज्याला सिग्नलिंग म्हणतात. कोणी कोणाला फोन लावला, तो माणूस सध्या कोणत्या भागात आहे, त्याच्या खात्यात पैसे आहेत का, अशी सारी विचारपूस या दुसऱ्या रस्त्याने होते. जासईवरून बंदराकडे मालगाडी जाते. माल रुळावरून जातो, पण पुढे रूळ मोकळा आहे की नाही याची खबर वेगळ्या तारेने जाते. टेलिफोनचेही तसेच आहे.

एसएमएस हा या खबरेच्या तारेवरचाच प्रवासी. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला. इशाऱ्यांच्या पाकिटात जेवढी जागा होती, तेवढीच त्याला मिळाली. म्हणूनच इंग्रजी अक्षरे १६० बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला जास्त जागा लागते, म्हणून मराठीत एका एसएमएसमध्ये फक्त ७० चिन्हे मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. गिऱ्हाइकांना ईदच्या सवलतीचा मराठी एसएमएस पाठवणाऱ्या दुकानदाराने हे ध्यानात ठेवावे. मजकूर ७० च्या वर गेला की दोन एसएमएसचे पैसे लागतात.

एक दुकान, गल्ल्यावर दोन भाऊ

इशाऱ्यांच्या रस्त्यावर चौक असतात. तिथले यंत्र आलेला निरोप पाहते आणि योग्य दिशेला वळवते. त्या रस्त्याच्या टोकाला प्रत्यक्ष काम करणारे संगणक असतात. एक एसएमएस साठवून पुढे धाडतो, दुसरा ग्राहकाचा ठावठिकाणा सांगतो, तिसरा प्रीपेड खात्याचा हिशेब ठेवतो. यांना अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. चौकातले यंत्र आणि हे सर्व्हर यांची गाठ घालून देणे हे दूरसंचार अभियंत्याचे काम. ती गाठ आपोआप बसत नाही. दोन्ही टोकांना नोंदी लिहाव्या लागतात.

ही गाठ कशी बांधायची याचे नियम २००२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर जाहीर झाले आणि २००६ साली सुधारले गेले. या पद्धतीचे नाव एम-३-यू-ए. नाव अवघड असले तरी कल्पना दुकानदाराच्या ओळखीची आहे. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणजे दुकानाचे नाव. गल्ल्यावर प्रत्यक्ष बसणारे भाऊ म्हणजे त्या नावाखाली चालणारी यंत्रे. गिऱ्हाईक दुकानाच्या नावाने येते, गल्ल्यावर कोणता भाऊ आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आता भावांनी काम कसे वाटून घ्यायचे? रीती तीन आहेत. दोघेही एकाच वेळी बसून गिऱ्हाईक वाटून घेतात. किंवा एक बसतो आणि दुसरा मागे तयार राहतो, पहिला उठला की जागा घेतो. किंवा प्रत्येक निरोपाची प्रत दोघांनाही जाते. कोणती रीत धरायची हे चौकातल्या यंत्राला आणि सर्व्हरला सारखेच सांगावे लागते. एकाने वाटून घ्यायचे ठरवले आणि दुसऱ्याने राखीव बसायचे ठरवले, तर गोंधळ ठरलेला.

नोंदवहीत काय लिहावे लागते

या जोडणीच्या नोंदी थोड्या असतात, पण एकही चुकून चालत नाही. दोन्ही बाजूंचे इशारा-क्रमांक, म्हणजे त्या जाळ्यातला घरनंबर. दोन्ही बाजूंचे संगणकीय पत्ते, आणि ते शक्यतो दोन दोन, म्हणजे एक वाट बंद पडली तर दुसरी मोकळी. कोणत्या दारावर ठोठवायचे तो क्रमांक. नियमाप्रमाणे तो २९०५ आहे. आधी हाक कोणी मारायची. कोणत्या प्रकारचे निरोप या दुकानाचे, हे सांगणारा खूण-क्रमांक. तो दोन्ही वह्यांत एकच हवा.

यानंतर जोडणी पायरीपायरीने उभी राहते. प्रथम दोन यंत्रांत तार जुळते. मग सर्व्हर सांगतो, "मी हजर आहे." चौकातून पोच येते. मग तो सांगतो, "मी काम घ्यायला तयार आहे." पुन्हा पोच येते. ही दुसरी पोच आल्यावरच निरोप वाहू लागतात. नवशिक्याची फसगत इथेच होते. तार जुळलेली दिसते, हजेरीही लागलेली असते, पण खूण-क्रमांक जुळत नसल्याने दुसरी पायरी नाकारली जाते. शटर वर आहे, दिवा लागलेला आहे, आणि गल्ला बंद आहे, अशी स्थिती.

सगळे भाऊ एकदम उठून गेले तर? चौकातले यंत्र निरोप लगेच फेकत नाही. साधारण दोन सेकंद धरून ठेवते. तेवढ्यात कोणी परतले तर ठीक, नाही तर निरोप सोडून देते. एसएमएस साठवणारे केंद्र मात्र पोच मिळाली नाही तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते. रखडलेले ओटीपी असे एकदमच येऊन पडतात.

दुहेरी वाटेचा फसवा दिलासा

कागदावर दोन वाटा लिहिल्या म्हणजे काम झाले, असे नव्हे. दोन्ही तारा एकाच नळीतून गेल्या असतील, तर एका खोदकामात दोन्ही तुटतात. दुसरी गोष्ट वेळेची. पहिली वाट मेली हे यंत्राला कळायलाही वेळ लागतो. ते एकदा हाक मारते, एक सेकंद थांबते. मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस सेकंद. नियमातली मूळ आकडेवारी तशीच ठेवली, तर वाट बंद असल्याचे ठरवायला एका मिनिटाहून अधिक वेळ जातो. इकडे बँकेच्या पानावर घड्याळ उलटे चालू असते. जाणता अभियंता हे आकडे कामाच्या निकडीप्रमाणे कमी करतो आणि मुद्दाम एक तार काढून दुसरी खरोखर भार घेते का ते पाहतो. तपासल्याशिवाय राखीव वाटेवर विश्वास ठेवू नये.

इशाऱ्यांच्या जाळ्यातील चूक किती महाग पडते, याचा दाखला अमेरिकेत आहे. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी कंपनीच्या एका यंत्रात लहानसा बिघाड झाला. यंत्र सावरले आणि त्याने शेजाऱ्यांना कळवले की मी पुन्हा कामावर आलो. हे निरोप हाताळताना शेजारची यंत्रे स्वतःच बंद-चालू होऊ लागली, त्यांनी पुढच्यांना तेच केले, आणि कंपनीच्या ११४ यंत्रांच्या जाळ्याला सुमारे नऊ तास हा त्रास झाला. चूक आज्ञावलीतली होती, अगदी थोडक्या अक्षरांची.

आपल्याकडचे उदाहरण ८ मार्च २०२१ चे. व्यापारी एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपले नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा, असा नियम झाला होता. त्या दिवशी कंपन्यांनी प्रत्येक एसएमएस नोंदीशी ताडून पाहायला सुरुवात केली, आणि न जुळणारे अडवले. देशभर ओटीपी खोळंबले. दुसऱ्याच दिवशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ही तपासणी सात दिवस थांबवली. हेतू चांगला होता, फसव्या एसएमएसना आळा घालण्याचा. पण दोन टोकांच्या वह्या जुळलेल्या नव्हत्या. मघाच्या खूण-क्रमांकाचीच ही मोठी आवृत्ती.

दुकानदाराने काय करावे

पहिले, ओटीपी आला नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. बहुतेक ठिकाणी नवा ओटीपी मागितला की जुना रद्द होतो, आणि उशिरा आलेला जुना आकडा घालून खाते अडकू शकते. थोडे थांबावे.

दुसरे, आपलीही वाट दुहेरी ठेवावी. जीएसटीचा ओटीपी मोबाईलबरोबर ईमेलवरही येतो. पण पुष्कळ कारागिरांचा ईमेल हिशेबनिसाने कधीकाळी उघडून दिलेला असतो आणि त्याचा परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नसतो. तो आजच मिळवून ठेवावा. पैसे पाठवायची निकड असेल त्यासाठी दुसऱ्या बँकेतही एक खाते असावे.

तिसरे, तारखेची वाट पाहू नये. जीएसटीचे विवरणपत्र शेवटच्या संध्याकाळी भरायला बसलो आणि ओटीपी अडला, तर दंड आपल्यालाच भरावा लागतो.

चौथे, स्वतः गिऱ्हाइकांना एसएमएस पाठवत असाल, तर नोंदवलेला नमुना आणि पाठवलेला मजकूर शब्दाला शब्द जुळतो का ते पाहा. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. आलेला निरोप ओळखायलाही हे उपयोगी पडते.

पाचवे, ओटीपी ही तिजोरी समजू नये. इशाऱ्यांचे हे जाळे परस्पर विश्वासावर उभे राहिले आहे. जर्मनीत २०१७ साली चोरांनी त्यातील त्रुटीचा फायदा घेऊन बँकेचे आकडे मधेच पळवले आणि खाती रिकामी केली. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये एसएमएसखेरीज इतर खात्रीच्या मार्गांना वाव देणारे नियम जाहीर केले. बँक दुसरा मार्ग देत असेल तर तो घ्यावा, आणि मोबाईलची सेवा अचानक गेली तर त्याच तासाला बँकेला कळवावे.

मुलांसाठी एक दार

हे काम शिकायला परदेशी जावे लागत नाही. घणसोलीत जिओचे मुख्यालय आहे, पनवेलमध्ये संगणकांची मोठी भांडारगृहे उभी राहिली आहेत. न्यू पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस अभियांत्रिकीचे शिक्षण देते. चौकातल्या यंत्राचे काम करणारी आज्ञावली ओस्मोकॉम या प्रकल्पाने मोफत खुली केली आहे, आणि तारेवरचे निरोप उलगडून दाखवणारे वायरशार्कही मोफत आहे. दोन जुने संगणक, एक तार आणि महिना-दोन महिन्यांची चिकाटी एवढ्यावर मुलगा ही गाठ स्वतः बांधून, तोडून, पुन्हा बांधून पाहू शकतो. ४-जी आणि ५-जीमध्ये इशाऱ्यांच्या नव्या भाषा आल्या, तरी दोन टोकांच्या वह्या जुळवण्याचे काम तसेच राहिले आहे.

चाचांना आम्ही हे सारे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या वेल्डिंगसारखंच झालं. वरून टाका चांगला दिसतो, पण दोन्ही पत्रे आतून धरलेत की नाही ते वजन टाकल्यावर कळतं." पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्या बँकेत खाते उघडले, हिशेबनिसाकडून ईमेलचा परवलीचा शब्द लिहून घेतला, आणि दोन्ही एकदा चालवून पाहिले.